‘एनओसी आहे ना, मग झालं’ म्हणणाऱ्यांसाठी

दर एप्रिलात, अग्निशमन सेवा सप्ताहाच्या आगेमागे, सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मजकूर फिरायला लागतो. शब्द बदलतात, आशय तोच. फायर ब्रिगेडवाले माहिती द्यायला येतात तो सरकारी सोपस्कार आहे. इमारतीला फायर ब्रिगेडची एनओसी म्हणजे ना-हरकत पत्र आहे, आगीची यंत्रणा चालू असल्याचा सहामाही दाखला, म्हणजे फॉर्म बी भरलाय, मग काळजी कसली. आग लागलीच तर गाडी येते, तोवर नाकाला ओला रुमाल लावून गच्ची गाठा नाहीतर बाथरूममध्ये कडी लावून बसा. आणि सल्ला देणाऱ्याच्या हातात अधिकार काहीच नसतात, तेव्हा ऐकलं नाही तरी बिघडत नाही. ती माहिती द्यायला जाणाऱ्यांपैकी मी एक आहे. तेव्हा हे उत्तर तटस्थ माणसाचं नाही, हे धरूनच वाचा.

एनओसीपासून सुरुवात करू. नकाशे पाहून आणि नंतर बांधकाम पाहून दिलेलं ते पत्र असतं. ज्या दिवशी पाहणी झाली त्या दिवशी यंत्रणा होती आणि चालत होती, एवढंच ते सांगतं. पुढची वर्षं ती चालू ठेवायची कुणी? महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ याचं उत्तर स्वच्छ देतो: मालकाने किंवा भोगवटादाराने. म्हणून तर परवानाधारक एजन्सीकडून तपासणी करून घेऊन दर जानेवारीत आणि जुलैत फॉर्म बी द्यायचा असतो.

आता मजकुरातला खरा भाग. फॉर्म बी अनेकदा नुसता कागद असतो, हे मी नाकारणार नाही. एजन्सी सोसायटीच निवडते, पैसे सोसायटीच देते, आणि ‘कुणी कमी घेतो का बघा’ असं मीटिंगमध्ये ठरतं. कमी घेणारा जिने चढून मजल्यामजल्यावरचे हायड्रंट, म्हणजे आगीसाठीचे पाण्याचे नळ, उघडत बसत नाही. पण यातून मजकूर निष्कर्ष काढतो तो उलटा. कागदावर भरवसा नसेल तर स्वतः बघायला हवं. बघणंच सोडून द्यायचं कसं?

बघायला गेलं की काय सापडतं ते सांगतो, कारण खरी गोष्ट इथेच आहे. उंच इमारतीत पाण्याने भरलेला उभा पाइप असतो, वेट रायझर. त्यातला दाब जॉकी पंप नावाचा छोटा पंप राखतो. कुणी व्हॉल्व्ह उघडला की दाब पडतो आणि मोठा पंप आपोआप सुरू होतो. मात्र त्यासाठी पॅनलचा खटका ‘ऑटो’वर हवा. तो बहुतेक वेळा ‘ऑफ’वर असतो. कुठेतरी गळती असते, जॉकी पंप सारखा सुरू होतो, वीजबिल वाढतं, खालच्या मजल्यावरचे आवाजाची तक्रार करतात, आणि वॉचमनला तोंडी सांगितलं जातं: बंद ठेव. गळती काढायला खर्च येतो, खटका फिरवायला येत नाही. मग होज बॉक्स, म्हणजे पाण्याच्या नळीची पेटी, उघडावी तर नळीच्या तोंडाचं पितळी नोझल केव्हाच भंगारात गेलेलं. आगीसाठी राखलेल्या टाकीतलं पाणी उन्हाळ्यात टंचाई म्हणून घराघरांत सोडलेलं. धूर ओळखणारा डिटेक्टर उदबत्तीनेही वाजतो म्हणून त्याच्यावर प्लास्टिकची पिशवी. यातलं एकही कृत्य दुष्टपणाचं नाही, आणि प्रत्येक वेळी कारण विचारलं तर ते पटण्यासारखंच असतं. २२ जानेवारी २०२२ला ताडदेवच्या ‘कमला’ इमारतीत वरच्या मजल्यावर आग लागली, माणसं गेली. तिथली अग्निशमन यंत्रणा चालत नव्हती, असं तेव्हा अधिकाऱ्यांनीच सांगितलं. इमारत बांधली तेव्हा काय बसवलं होतं याला त्या सकाळी काही अर्थ उरला नव्हता.

‘गाडी येतेच.’ हो, येते. १०१ लावा, ११२ लावा, येते. पण गाडी फाटकापर्यंत येते, आणि फाटकापासून इमारतीपर्यंतचा रस्ता सोसायटीचा असतो. तिथे दोन्ही बाजूंना पार्किंगचे पट्टे आखलेले. मुंबईकडे ९० मीटरपर्यंत पोचणारी शिडी आहे, हे लोक अभिमानाने सांगतात. ती उभी करायला गाडीचे आधाराचे पाय पसरावे लागतात, त्याला मोकळी आणि भक्कम जमीन लागते, आणि ओव्हरहेड तारा नसाव्या लागतात. शिवाय नव्या टॉवरांचे वरचे मजले ९० मीटरच्याही वर आहेत. तिथे जवान जिन्यानेच जाणार आणि पाणी तुमच्याच रायझरचं वापरणार. म्हणजे पुन्हा तो खटका.

ओल्या रुमालाबद्दल जरा सविस्तर बोलायला हवं, कारण या समजुतीला एक चांगली घटना चिकटली आहे. ऑगस्ट २०१८मध्ये परळच्या क्रिस्टल टॉवरमध्ये आग लागली तेव्हा एका लहान मुलीने शेजाऱ्यांना ओल्या कापडातून श्वास घ्यायला सांगितलं. तिचं कौतुक झालं, आणि ते योग्यच झालं. ओलं कापड काजळीचे कण अडवतं, घशाची जळजळ कमी करतं, घाबरलेल्या माणसाला हाताला काम देतं. पण कार्बन मोनॉक्साइड त्याला अडत नाही. त्या वायूला वास नाही, रंग नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. माणूस ‘मला त्रास होत नाहीये’ असं वाटत असतानाच गुडघ्यांत मोडतो. तेव्हा अडकलेल्या जागी मदत येईपर्यंत रुमाल उपयोगी. रुमालाच्या भरवशावर धुराने भरलेल्या जिन्यात शिरणं प्राणघातक. ओलं कापड जास्त कामाला येतं ते दाराच्या फटीत कोंबायला.

बाथरूमचा सल्ला कुणी काढला देव जाणे. बाथरूमची झडप डक्टमध्ये, म्हणजे पाइपांसाठीच्या उभ्या पोकळीत, उघडते, आणि आगीत डक्ट म्हणजे धुराचं धुराडं. शिवाय आत बसलेला माणूस बाहेरून कुणालाच दिसत नाही. अडकलात तर रस्त्याच्या बाजूची खिडकी असलेली खोली धरा, मधली सगळी दारं लावत जा, फटी बंद करा, फोनवर मजला आणि फ्लॅट नंबर सांगा, खिडकीतून चादर हलवा.

गच्चीचंही तसंच. धूर वर चढतो, तुम्हीही वर चढता, आणि चोरीच्या भीतीने गच्चीला कुलूप. किल्ली सेक्रेटरीकडे, सेक्रेटरी गावाला. ऑक्टोबर २०२३मध्ये गोरेगावच्या जय भवानी इमारतीत आग लागली ती तळाशी, पार्किंगच्या भागात, आणि वरची माणसं झोपेत होती. अशा वेळी जिना हाच धुराचा मार्ग होतो. जिना मोकळा असेल तर खाली उतरा. जिन्यात धूर असेल तर घरात थांबून दार लावून घ्या. वर जाणं हा शेवटचा पर्याय, तोही कुलूप नसेल तर. चोवीस मीटरपेक्षा उंच इमारतींत याचसाठी मधल्या मजल्यांवर रेफ्यूज एरिया, म्हणजे आगीच्या वेळी थांबायची मोकळी जागा, ठेवलेला असतो. तिथे कुणाचं ट्रेडमिल किंवा गणपतीच्या मंडपाचं सामान पडलंय का, एकदा पाहून या.

जाता जाता: याच मजकुराच्या एका आवृत्तीत ‘बादलीभर पाणी कुठलीही आग विझवतं’ असं आहे. कढईतल्या पेटलेल्या तेलावर पाणी टाकू नका. पाण्याची एका क्षणात वाफ होऊन ते हजाराहून अधिक पटींनी फुगतं आणि जळतं तेल छतापर्यंत उडवतं. गॅस बंद करून झाकण सरकवा.

राहिला अधिकारांचा मुद्दा. माहिती द्यायला येणाऱ्याने ‘शू रॅक जिन्यातून हलवा’ म्हटलं तर ती विनंतीच असते, हे खरं. पण २००६च्या त्याच कायद्याने मुख्य अग्निशमन अधिकाऱ्याला नोटीस काढण्याचे, इमारत किंवा तिचा भाग रिकामा करायला लावण्याचे, वीज-पाणी तोडायला लावण्याचे अधिकार दिले आहेत, आणि जबाबदारी मोडल्यास खटला सोसायटीवर चालतो. विनंती पाळली गेली तर यातलं काहीच लागत नाही. जुलैचा फॉर्म बी भरायच्या आधी एजन्सीच्या माणसाला गच्चीवर न्या, सर्वांत वरचा हायड्रंट तुमच्यासमोर उघडायला सांगा, आणि खाली पंप आपोआप सुरू होतो का ते वॉचमनकडून फोनवर विचारून घ्या. सही त्यानंतर.