‘प्लगिन हिरवा म्हणजे डिस्क ठणठणीत’? नाही

सर्व्हर सांभाळणाऱ्यांमध्ये एक सल्ला सारखा फिरत असतो. तो साधारण असा: “रेड आहे ना? मग त्यावर तपासणीचा एक प्लगिन बसवा. हिरवा दिसतोय तोवर डिस्क ठणठणीत. स्मार्टचा निकाल ‘पास्ड’ असेल तर डिस्क बदलायच्या भानगडीत पडू नका. एखादी गेलीच तर घाई नाही, रेड सांभाळून घेतं.” (रेड म्हणजे अनेक डिस्क एकत्र जोडून सहसा एखादी गेली तरी डेटा वाचेल अशी मांडणी; स्मार्ट म्हणजे डिस्कने स्वतःच्याच तब्येतीची ठेवलेली नोंद; प्लगिन म्हणजे मशीन तपासून मॉनिटरिंगच्या पडद्यावरचा दिवा ठरवणारी छोटी स्क्रिप्ट.) प्लगिन बसवा हे मला मान्य आहे, मीही बसवतो. पुढच्या तिन्ही गोष्टी मात्र मान्य नाहीत.

हिरवा म्हणजे ठणठणीत

नागिऑस या मॉनिटरिंग सॉफ्टवेअरच्या पद्धतीचा प्लगिन बाहेर पडताना एक आकडा देतो: ० म्हणजे ठीक, १ इशारा, २ गंभीर, ३ म्हणजे काही कळलं नाही. दिव्याचा रंग त्या आकड्यावरून ठरतो, डिस्कवरून नाही. आणि ० दोन प्रकारे येतो. डिस्क बघितल्या आणि बऱ्या निघाल्या, हा एक. डिस्क बघताच आल्या नाहीत आणि असंही होऊ शकतं हे प्लगिन लिहिणाऱ्याच्या डोक्यातच आलं नव्हतं, हा दुसरा.

दुसऱ्याचा फटका मी खाल्लाय, तोही स्वतः लिहिलेल्या स्क्रिप्टमुळे. आठेक ओळी होत्या. रेड कंट्रोलरची (डिस्क जोडणाऱ्या कार्डाची) कमांड चालवायची, तिचं आउटपुट ग्रेप या शब्द शोधणाऱ्या कमांडकडे पाइप करायचं, म्हणजे सोपवायचं, ‘डिग्रेडेड’ (डिस्क गेल्याची खूण) सापडलं तर २, नाहीतर ०. कमांडला रूटचे, म्हणजे सर्वोच्च, अधिकार लागतात, म्हणून ते अधिकार वाटणाऱ्या सुडोच्या फाइलमध्ये मॉनिटरिंगच्या युजरसाठी एक ओळ टाकलेली. ऑपरेटिंग सिस्टिम नव्याने टाकताना ती ओळ राहून गेली. त्या दिवसापासून कमांड ‘परवानगी नाही’ म्हणून बोंबलत होती, पण ती बोंब एररच्या वाटेने जायची आणि ग्रेपच्या हाती कोरं पान यायचं. कोऱ्या पानात ‘डिग्रेडेड’ कुठून सापडणार? त्यात शेल (कमांड चालवणारा प्रोग्राम) अशा जोडलेल्या कमांडांचा, म्हणजे पाइपलाइनचा, निकाल शेवटच्या कमांडवरून धरतो, त्यामुळे आधीची कमांड आपटली हे कुणी विचारलंच नाही. दिवा हिरवागार. भलत्याच कामासाठी रॅकपाशी गेलो तेव्हा एका डिस्कवर पिवळा दिवा लुकलुकताना दिसला. किती दिवस लुकलुकत होता कोण जाणे.

आता मी वाईट शब्द शोधत नाही, चांगला पुरावा मागतो. या मशीनमध्ये दोन ॲरे (रेडने जोडलेले डिस्कचे संच) आणि आठ डिस्क असायलाच हव्यात, हे प्लगिनला आधीच सांगून ठेवायचं. मोजणी कमी भरली तर २, आउटपुट कोरं आलं तर ३. लिनक्सच्या सॉफ्टवेअर रेडमध्येही हीच गंमत आहे. दोन डिस्कचा मिरर (दोन्हींवर तोच डेटा) धड असेल तर एमडीस्टॅट या रेडची स्थिती दाखवणाऱ्या फाइलमध्ये चौकटी कंसात दोन ‘यू’ दिसतात, आणि एक डिस्क गेली की तिच्या जागी अंडरस्कोअर येतो. पुष्कळ प्लगिन तो अंडरस्कोअर हुडकतात. पण रीबूटनंतर ॲरे जुळलाच नाही, तर तिथे त्याची ओळच नसते. ओळ नाही, अंडरस्कोअर नाही, सगळं छान!

स्मार्ट ‘पास्ड’, मग कशाला बदलायची

‘पास्ड’ याचा अर्थ इतकाच, की डिस्क बनवणाऱ्याने ठरवलेली मर्यादा अजून ओलांडली गेलेली नाही. ती मर्यादा बऱ्याचदा फार सैल असते. गूगलने २००७ मध्ये आपल्या १ लाखाहून अधिक डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला. निकामी झालेल्या डिस्कपैकी ५६ टक्क्यांमध्ये स्मार्टच्या चार सर्वांत ठळक खुणांपैकी एकाचीही नोंद नव्हती. म्हणजे स्मार्ट गप्प आहे म्हणून डिस्क बरी, असं म्हणता येत नाही. उलट बाजू मात्र पक्की निघाली: पहिली स्कॅन एरर (डिस्क स्वतःला तपासताना सापडलेली चूक) आल्यावर पुढच्या ६० दिवसांत डिस्क जाण्याची शक्यता, अशी एरर नसलेल्या डिस्कच्या ३९ पट. तेव्हा निकालाचा शब्द सोडा आणि कच्चे आकडे बघा. स्मार्टच्या यादीत क्रमांक ५ म्हणजे खराब निघाल्याने बदललेले सेक्टर (डिस्कवरचे डेटाचे छोटे कप्पे), १९७ म्हणजे वाचता न आल्याने निर्णयाविना अडकलेले. १९७ कधीकधी पुन्हा लिहिल्यावर शून्यावर येतो, त्यामुळे एकदा दिसला म्हणून लगेच डिस्क उपटू नये. पण आठवड्यागणिक चढत असेल तर ‘पास्ड’ वाचत बसण्यात अर्थ नाही.

हार्डवेअर कंट्रोलरच्या मागे असलेल्या डिस्क स्मार्टसीटीएलला (स्मार्टचे आकडे वाचणाऱ्या कमांडला) बऱ्याचदा थेट दिसत नाहीत. मेगारेड जातीच्या कंट्रोलरसाठी वेगळा पर्याय आणि प्रत्येक डिस्कचा क्रमांक द्यावा लागतो. तो न देता समाधानी असलेले लोक मी पाहिलेत.

गेली तरी घाई नाही

रेड ५ ही मांडणी एकच डिस्क गेलेली सोसते; तिच्यातली एक गेली की दुसरी जायला जागाच उरत नाही. नवी डिस्क घातल्यावर उरलेल्या सगळ्या डिस्क पहिल्या सेक्टरपासून शेवटच्यापर्यंत वाचाव्या लागतात, आणि महिनोन्‌महिने कुणी न वाचलेला खराब सेक्टर नेमका तेव्हा उघडा पडतो. म्हणून ॲरेचा पूर्ण स्क्रब, म्हणजे सगळ्या डिस्क वाचून तपासणी, नियमित हवा. डेबियन लिनक्स तो एमडीसाठी (लिनक्सच्या सॉफ्टवेअर रेडसाठी) महिन्याच्या पहिल्या रविवारी लावून देतं. शेवटचा स्क्रब कधी पूर्ण झाला, हेही प्लगिनने तपासावं. ते तपासणारे प्लगिन फार थोडे.

शिवाय एकाच खोक्यातून आलेल्या, एकाच दिवशी चालू केलेल्या डिस्क वेगवेगळ्या दिवशी मरतील, ही आशाच आहे. एचपीई या सर्व्हर कंपनीने नोव्हेंबर २०१९ मध्ये आपल्या काही एसएएस एसएसडींबद्दल (सर्व्हरच्या चिपवाल्या डिस्कबद्दल) सूचना काढली होती: फर्मवेअरमधल्या, म्हणजे डिस्कच्या आतल्या सॉफ्टवेअरमधल्या, दोषामुळे ३२,७६८ तास, म्हणजे ३ वर्षे २७० दिवस ८ तास चालल्यावर डिस्क बंद पडते आणि डेटा परत मिळत नाही. एकदम बसवलेल्या डिस्क जवळपास एकदमच जाणार. दोन डिस्क गेलेल्या सोसणारं रेड ६ असो की आणखी काही, तिथे पॅरिटी (गेलेला डेटा परत काढायला ठेवलेली जादा माहिती) काय करणार? अशा वेळी उपयोगी पडला असता तो फर्मवेअरची आवृत्ती आणि चालू तास नोंदवणारा प्लगिन. ॲरेची स्थिती तर शेवटच्या तासापर्यंत ‘ऑप्टिमल’च दिसली असती.

स्क्रिप्ट नव्याने लिहिल्यावर मी लूप डिव्हाइसवर (फाइललाच डिस्क म्हणून वापरून) एक खोटा ॲरे बनवला आणि एमडीएडीएमला (लिनक्सचं रेड हाताळणाऱ्या कमांडला) सांगून त्यातली एक डिस्क मुद्दाम निकामी केली. दिवा लाल झाला, पण फोन वाजला तो दहा मिनिटांनी. तीनदा खात्री करूनच कळवायचं, दोन तपासण्यांमध्ये पाच मिनिटं, अशी जुनी सेटिंग होती. नेटवर्क जरा अडखळलं म्हणून रात्री उगाच उठवू नये, यासाठीची ती सोय. ॲरेच्या तपासणीपुरतं मी तीनचं एक केलं.