अमेरिकेतली शेतकरीण बसून खाते? त्या फॉरवर्डला मुद्देसूद उत्तर

एक मेसेज सध्या सगळीकडे फिरतोय, शेतीच्या ग्रुपवर तर रोजच कुणीतरी टाकतं. वर मोठ्या ट्रॅक्टरचा फोटो आणि खाली लिहिलंय की अमेरिकेत शेतकऱ्याच्या बायकोला शेतात पाऊल ठेवावं लागत नाही, सगळं मशीन करतं, नोकरी करते ती वेळ घालवायला, हजार एकर जमीन असते आणि सरकार घरबसल्या पैसे देतं, सासू-सासऱ्यांची कटकट नाही, आणि जमीन तर कायद्यानं आपोआप अर्धी तिची. शेवटी "आणि आपली माउली बघा". आपल्याकडची बाई राबते हे शंभर टक्के खरंय, पण तिचे कष्ट सांगायला दुसरीचे कष्ट पुसून टाकायची काय गरज? मी अमेरिकेतल्या आयोवा राज्यातल्या एका छोट्या गावात राहते, शाळेच्या ऑफिसात काम करते, सोबतच्या बऱ्याच जणी शेतकरी घरातल्या आहेत, म्हणून हे लिहितेय.

"सगळं मशीन करतं." बरं, मशीन चालवतं कोण? सप्टेंबरच्या शेवटी सोयाबीन आणि मक्याची काढणी सुरू होते ती नोव्हेंबरपर्यंत चालते. कंबाइनवर, म्हणजे काढणी-मळणी एकदम करणाऱ्या यंत्रावर, नवरा किंवा सासरा असतो, आणि कंबाइन चालू असतानाच त्याच्या शेजारून जाऊन धान्य घेणारी जी ग्रेन कार्ट असते तिचा ट्रॅक्टर बऱ्याच घरांत बायको चालवते, दोघांचा वेग जुळला नाही तर मका खाली सांडतो. मग ट्रक भरून एलेव्हेटरवर, म्हणजे धान्य खरेदी करून साठवणाऱ्या कोठारावर न्यायचा, तिथे वजनकाटा, ओलाव्याची तपासणी, मक्यात १५ टक्क्यांच्या वर ओलावा निघाला की पैसे कापले जातात. मधेच बेअरिंग गेलं, बेल्ट तुटला की डीलरकडे पार्ट आणायला तीच पळते, आणि येताना सगळ्यांचं जेवण घेऊन परत शेतावर, कारण काढणीच्या दिवसांत घरी येऊन जेवायला कुणाला वेळ नसतो. ज्यांच्याकडे गाई आहेत त्यांचं अजून वेगळं, गाई वितात नेमक्या कडाक्याच्या थंडीत, बाहेर बर्फ असतो आणि रात्री दोन-तीनदा उठून बघून यावं लागतं, नाहीतर नुकतं जन्मलेलं वासरू गारठून मरतं. वर हिशेब. शेतकऱ्यांचे टॅक्स रिटर्न बहुतेक १ मार्चच्या आत जातात, म्हणून फेब्रुवारीभर बियाणं, खत, डिझेल, पशुवैद्य सगळ्यांच्या पावत्या घेऊन बसलेली असते ती बायकोच.

आता हे काम दिसत का नाही? कारण त्यांच्या सरकारनंच ते वर्षानुवर्षं मोजलं नाही. शेती गणनेत शेत चालवणारा पुरुष की बाई हे पहिल्यांदा विचारलं गेलं १९७८ मध्ये. २००२ च्या आधी एका शेताला एकच शेतकरी लिहायची सोय होती, साहजिकच नाव नवऱ्याचं. २००२ पासून तिघांची माहिती घेऊ लागले, २०१७ मध्ये चौघांची, आणि निर्णय कोण घेतं हे नीट विचारलं, तर बायकांचा आकडा २०१२ च्या तुलनेत २७ टक्क्यांनी वाढून १२ लाखांवर गेला. त्या पाच वर्षांत अडीच लाख नव्या बायका शेतात आल्या का? नाही ना, फॉर्म बदलला. २०२२ च्या गणनेतही शेतकऱ्यांमध्ये बायका ३६ टक्के आहेत.

"नोकरी वेळ घालवायला करते." हे वाचून मला खरंच राग आला. अमेरिकेत आरोग्य विमा मुख्यतः नोकरीतून मिळतो, शेतकऱ्याला तो स्वतःच्या खिशातून घ्यायचा म्हटलं तर चार जणांच्या कुटुंबाचा हप्ता कंबर मोडतो, म्हणून बायको शाळेत, दवाखान्यात, बँकेत किंवा काउंटीच्या (म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या) ऑफिसात लागते आणि त्या विम्यावर सगळं घर जगतं. दुसरं म्हणजे रोख पैसा. २०२२ मध्ये अमेरिकेतल्या फक्त ४३ टक्के शेतांना खर्च वजा जाता काही हातात राहिलं. बाकीच्यांचं घर कशावर चालतं, पगारावर. आणि हे आजचंच नाहीये, दुसऱ्या महायुद्धाच्या आधी इथल्या घराघरांत किराणा, कपडे, मुलांची पुस्तकं बाईच्या अंड्यांच्या आणि सायीच्या पैशावर चालायची, मका-डुकरांचा पैसा जमिनीच्या कर्जात जायचा.

"हजार एकर आणि सरकारी पैसा." आयोवात सरासरी शेत सुमारे ३४५ एकरांचं आहे, आणि राज्यातली निम्म्याहून जास्त शेतजमीन भाड्यानं कसली जाते. मोठं नवं कंबाइन पाच लाख डॉलरच्या वर जातं, ते कर्जावर, आणि त्या कर्जाच्या कागदावर बँक सहसा बायकोचीही सही घेते. सरकारी मदत मिळते, हे खरं आहे, नाकारायचं कारण नाही. पीकविम्याच्या हप्त्याचा मोठा भाग सरकार भरतं, २०१८ मध्ये चीननं सोयाबीनवर कर लावला तेव्हा भरपाईही दिली. पण देशातल्या सगळ्या शेतमालाच्या विक्रीपैकी तीन चतुर्थांशाहून जास्त विक्री फक्त ६ टक्के शेतं करतात, फोटोतली श्रीमंती तिथली आहे. आणि सरकार सगळं सांभाळून घेत असतं तर १९८० च्या दशकात जे झालं ते झालंच नसतं. व्याजदर आभाळाला भिडले, आणि आयोवातल्या जमिनीचा भाव १९८१ मध्ये एकरी २,१४७ डॉलर होता तो १९८६ मध्ये ७८७ वर आला. जमीन तारण ठेवलेल्यांचे लिलाव झाले, जप्त्या झाल्या. त्या काळात, १९८५ मध्ये, आयोवा स्टेट युनिव्हर्सिटीनं शेतकरी कुटुंबांसाठी हेल्पलाइन सुरू केली, ती आजही चालू आहे.

"सासू-सासरे नाहीत." हा मुद्दा लिहिणाऱ्यानं इथलं एक तरी शेत जवळून पाहिलंय का असं वाटतं. लग्न करून येणारी मुलगी बहुतेक वेळा सासऱ्याच्या शेतावरच येते, सासू-सासरे त्याच आवारात किंवा मैलभर अंतरावर, रविवारी चर्चनंतर जेवण त्यांच्याकडे. जमीन सासऱ्याच्या नावावर, चेकबुक सासऱ्याकडे, आणि सासरा सत्तरी ओलांडली तरी कारभार सोडत नाही. नवऱ्याच्या शहरात गेलेल्या भावा-बहिणींचाही वाटा असतोच. म्हणजे हिनं वीस-पंचवीस वर्षं राबायचं आणि मग सासरे गेल्यावर कळायचं की मृत्युपत्रात जमीन चौघांत वाटलीय, आता राहायचं तर बाकीच्यांचे हिस्से आजच्या भावानं विकत घ्या. यावरून सख्खे भाऊ आयुष्यभर बोलत नाहीत, आपल्याला हे वेगळं समजावून सांगायला नको. कंपनी किंवा ट्रस्ट करून शेत ठेवलेलं असेल तर कित्येकदा सुनेला त्यात जागाच नसते, घटस्फोट झाला तर जमीन बाहेर जायला नको म्हणून. एक सहकारी मला सांगत होती की ज्या घरात तिनं मुलं वाढवली त्या स्वयंपाकघराची फरशी बदलायलाही तिला सासऱ्यांची परवानगी लागली, कारण घर शेताच्या मालकीचं.

आता शेवटचं, "कायद्यानं आपोआप अर्धी जमीन." १८६२ च्या होमस्टेड कायद्यात राहून कसणाऱ्याला सरकारी जमिनीचे १६० एकर मिळायचे, विधवा किंवा अविवाहित बाई स्वतःच्या नावावर अर्ज करू शकायची, पण नवऱ्याबरोबर नांदणाऱ्या बाईला सहसा तो हक्क नव्हता. पुढे तर अजून वाईट. नवरा-बायकोच्या दोघांच्या नावावर जमीन असली तरी नवरा वारल्यावर टॅक्सवाले धरून चालायचे की सगळी त्याचीच होती, आणि विधवेनं आपण पैसे घातल्याचा पुरावा दिला नाही तर तिला वारसा कर लागायचा. गोठ्यातली आणि शेतातली वर्षं पुराव्यात धरली जात नसत. बायको आधी गेली तर नवऱ्याला हा त्रास नव्हता. शेजारच्या नेब्रास्का राज्यातल्या डोरिस रॉयल या शेतकरी बाईंनी १९७० च्या दशकात याविरुद्ध सह्यांची मोहीम काढली, १९७६ मध्ये नेब्रास्कातच शेतकरी बायकांची विमेन इन्व्हॉल्व्ड इन फार्म इकॉनॉमिक्स ही संघटना उभी राहिली, आणि १९८१ च्या कायद्यानं नवरा-बायकोमधला वारसा कर गेला. आज आयोवातली जवळपास निम्मी शेतजमीन बायकांच्या नावावर आहे, मान्य, पण त्यात म्हाताऱ्या विधवा खूप आहेत, जमीन हातात येते तेव्हा कसायचं वय उलटून गेलेलं असतं. मेसेज पुढे पाठवायचाच असेल तर निदान तो "आपोआप" शब्द तरी काढून पाठवा.