खुलासा : व्यायामानं गुडघ्याचं ‘वंगण’ संपत नाही

‘गुडघे झिजले की चालणं बंद करा, उरलंसुरलं वंगण संपतं’ असा मेसेज सध्या बेळगाव-खानापूरकडे फिरतोय. हे खरं नाही. सांध्यातल्या कूर्चेला, म्हणजे हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत आवरणाला, रक्तवाहिन्या नसतात. सांधा हलतो तेव्हा त्या वंगणातून, म्हणजे सांध्यातल्या द्रवातून, तिला नीट पोषण मिळतं. बसून राहिलं की मांडीचे स्नायू आटतात आणि गुडघा आणखी दुखतो. जागतिक आरोग्य संघटना २०२० पासून अपंग व्यक्तींनाही आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम सुचवते. त्याहून कमी जमला तरी फायदा होतोच.

वडगावातली माझी आई वॉकरवर चालते. खुर्चीत बसून एकेक पाय सरळ करते, पाच आकडे मोजते, सावकाश खाली सोडते. ‘आता कशाला दगदग, काकू?’ असं तिला कृपा करून म्हणू नका. सांधा लाल होऊन सुजला तर मात्र आधी डॉक्टरांना दाखवा.