आठ युरोंची बोजोले

स्वस्त वाइनला ‘किमतीच्या मानाने बरी’ म्हणून सोडून देणे हा मला तिचा अपमान वाटतो. फ्रान्समधल्या लियों शहरात परवा आठ युरोंना घेतलेली बोजोले-व्हिलाज, म्हणजे शेजारच्या बोजोले भागातली लाल वाइन, आम्ही दोघांनी दोन संध्याकाळी पुरवून प्यायली; तिच्याविषयी थोडे सविस्तर लिहितो.

ही वाइन गामे द्राक्षाची. बर्गंडीचा ड्यूक फिलिप याने १३९५ मध्ये हे वाण वाईट आणि विश्वासघातकी ठरवून उपटून टाकण्याचा हुकूम काढला होता. दक्षिणेला, बोजोलेच्या ग्रॅनाइटी टेकड्यांवर, ते टिकून राहिले. येथे पारंपरिक पद्धतीत द्राक्षे आधी चिरडत नाहीत. अख्खे घड टाकीत भरतात, तळाची द्राक्षे वरच्या भाराने फुटून त्यांचा रस आंबू लागतो, त्यातून निघालेला कार्बन डायऑक्साइड टाकीभर कोंडतो आणि वरच्या न फुटलेल्या द्राक्षांच्या पोटातच किण्वन सुरू होते. त्यामुळे फळाचा वास भरपूर उतरतो आणि तुरटपणा बेताचा राहतो. तेव्हा ‘हिच्यात दम नाही’ ही बोर्दोच्या भारदस्त, तुरट वाइनच्या सवयीतून येणारी तक्रार मला गैरलागू वाटते.

माझी तक्रार वेगळी आहे. उन्हाळ्यातल्या खोलीत, आहे तशीच ओतलेल्या पहिल्या पेल्यातून अल्कोहोलचा झणका आला आणि त्यामागून चक्क शिकरणाचा वास. अशा किण्वनात केळ्याचा गंध अनेकदा येतो, परंतु त्याने फळ झाकून टाकले तर तो मी दोषच मानतो. बाटली अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवली, तेव्हा चेरी आणि स्ट्रॉबेरी स्पष्ट झाल्या, आंबटपणा जिभेच्या कडांवर नेटका बसला आणि शेवटी जांभळाच्या सालीइतकाच तुरटपणा उरला. (लाल वाइन थंड करू नये, हा नियम ज्यांनी पाठ केला आहे त्यांनी एकदा हा प्रयोग करावाच.) घोट गिळल्यावर मात्र चव चार-पाच सेकंदांत विरते, चवीचा मधला भागही पोकळ आहे.

दुसऱ्या संध्याकाळी केळे जवळजवळ गेले होते, आंबटपणा शाबूत होता आणि मसूर व वाळवलेल्या सॉसेजबरोबर उरलेली बाटली कधी संपली ते कळले नाही. चौदा युरोंना मी ही घेतली नसती, कारण तेवढ्यात बोजोलेतल्याच मोर्गों भागाची भरदार वाइन मिळते. आठ युरोंची दुसरी बाटली मात्र सध्या फ्रिजच्या दारात, दुधाशेजारी उभी आहे.