जुन्या उत्तराला हात लावू नका

गावात मान पाहिजे ना? मग एक पक्कं उत्तर धरून ठेवा आणि मरेपर्यंत ते बदलू नका. उत्तर बदलणारा माणूस आमच्याकडे कच्चा समजतात.

समजा पारावर कोणी विचारलं, "काका, बोंडअळीचं काय करू?" तर खर्रा गालात सरकवून सांगायचं, "बीजी-2 लावलं ना? मंग झोप निवांत." हे उत्तर 2006 साली, बोंडअळीला तोंड देणारं ते कपाशीचं बीटी बियाणं नवं आलं तेव्हा, खरंच होतं. पुढे 2017 मध्ये गुलाबी बोंडअळीनं विदर्भातली बोंडं आतून पोखरली. पण अळीनं तुमचा सल्ला ऐकला नाही, हा तुमचा दोष कसा? एखादा पोट्टा मध्येच म्हणेल, पतंगांना वासानं ओढणारे कामगंध सापळे लावा, फरदड घेऊ नका, म्हणजे वेचणी झालेली झाडं पुढच्या कापसासाठी राखू नका, डिसेंबर-जानेवारीत वावर मोकळं करा. त्याला एवढंच विचारा, "तुह्या वावरात किती झाला रे कापूस?" तीन एकर कोरडवाहूवाला आहे तो. गप बसतो.

औषधांचंही तसंच. एंडोसल्फान या कीटकनाशकावर सर्वोच्च न्यायालयानं 2011 मध्येच बंदी घातली. आमच्या पारावरचे एक भाऊजी मात्र अजून तेच सुचवतात, आणि कृषी केंद्रवाला 'नाही' म्हणाला की "लपवून ठेवलं असन लेकानं," असंही सांगतात. किती सफाई! सल्लाही शाबूत, चोरही सापडला.

फक्त साल कधी सांगू नका. 'शासनाचं तसंच हाय' म्हणा. साल सांगितलं की समोरचा बोटं मोजायला लागतो.

आणि कुणाच्या उत्तरात दुरुस्ती तर चुकूनही करू नका. मी केली. गावात एका भिंतीवर निळ्या ऑइल पेंटनं 'एक रुपयात पीक विमा' असं हातभर अक्षरांत लिहिलेलं आहे, 'मा'चा काना थोडा ओघळलेला. योजना 2023 च्या खरिपात आली आणि 2025 च्या खरिपापासून बंद झाली. नगदी पिकाला आता विमा रकमेच्या 5 टक्क्यांपर्यंत हप्ता भरावा लागतो. भिंतीला हे कोणी कळवलंच नाही. पेंट मारायला पैसे होते, पुसायला तरतूद नव्हती. म्हणून मी खाली खडूनं लिहिलं, 'ही योजना आता नाही. हप्ता विचारून भरा.'

संध्याकाळपर्यंत चौकशी सुरू. "तुले कोनं अधिकार देल्ला?" "ज्यानं लिवलं त्याले वाईट नाही वाटन?" एकानं तर माझ्या अक्षराला नावं ठेवली, आणि त्यात त्याचं काही चुकलं नाही. एक रुपयाचा विमा खरंच बंद आहे का, हे मात्र कोणी विचारलं नाही. तेवढ्यात एकजण शहाणपणानं म्हणाला, "वरचंबी राहू दे, खालचंबी राहू दे. ज्याले जे पटन ते घेईन."

रात्री जोराची सर आली. सकाळी पाहतो तर माझा खडू वाहून नालीत गेलेला, आणि निळी अक्षरं धुऊन नव्यासारखी चकाकत होती. त्यांच्यापुढे एक आजी उभी होती, लुगड्याच्या पदराची गाठ सोडून रुपयाचं नाणं काढत.

"बाबू," तिनं मलाच विचारलं, "हा रुपया कुठी भरू?"