विजेतेपद नाही तर अपयश? ओक्लाहोमाच्या संघावरील प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

ओक्लाहोमा विद्यापीठाच्या महिला जिम्नॅस्टिक्स संघाकडून २०२६च्या हंगामात काय अपेक्षा ठेवावी, यावर मी लिहिलं होतं. त्यावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. ज्यांनी ती वाचली नाही त्यांच्यासाठी तिचा गोषवारा आधी देते. तुमच्या मते गतविजेत्या संघाने 'शेवटच्या चारांत पोचावं' एवढीच अपेक्षा ठेवणं बोटचेपेपणाचं आहे. ज्या संघाकडे सात राष्ट्रीय विजेतेपदं आहेत, त्याला दुसरा क्रमांकही अपयशच. २०२४ साली या मुलींनी दडपणाखाली कच खाल्ली आणि माझ्यासारखे लिहिणारे त्यावर पांघरूण घालतात. वीस जणींच्या संघातून दोघी बाहेर पडल्या तर काही बिघडत नाही. आणि जानेवारी-फेब्रुवारीतल्या सरासरीवरून एप्रिलचा निकाल सरळ कळतो, त्यासाठी एवढं पाल्हाळ नको.

मला यातलं जवळजवळ काहीच पटत नाही. का, ते सांगते.

आधी सात विजेतेपदांबद्दल. २०१४ (हे फ्लोरिडाबरोबर विभागून), २०१६, २०१७, २०१९, २०२२, २०२३ आणि २०२५. सगळी मुख्य प्रशिक्षक के. जे. किंडलर यांच्या मार्गदर्शनाखाली. त्या नॉर्मनला, म्हणजे विद्यापीठाच्या गावी, येण्याआधी या संघाकडे एकही राष्ट्रीय विजेतेपद नव्हतं. २०१६ ते २०२३ या काळात राष्ट्रीय स्पर्धा सात वेळा झाली, कारण २०२०चा हंगाम कोविडमुळे मध्येच थांबवावा लागला. त्या सातही वेळा ओक्लाहोमा पहिली किंवा दुसरी आली. पाच विजेतेपदं आणि दोन उपविजेतेपदं. कॉलेज जिम्नॅस्टिक्समध्ये अलीकडच्या काळात इतकं सातत्य दुसऱ्या कुठल्याही संघाने दाखवलेलं नाही.

तुमच्या हिशेबाने त्यातली दोन वर्षं अपयशाची. त्या दोन वर्षांत काय झालं ते पाहा. २०१८ साली यूसीएलएचे (कॅलिफोर्निया विद्यापीठ, लॉस एंजेलिस) १९८.०७५० गुण झाले, ओक्लाहोमाचे १९८.०३७५. यूसीएलएची शेवटची जिम्नॅस्ट पेंग-पेंग ली बीमवर (अरुंद पट्टीवरचा प्रकार) गेली आणि पूर्ण १० गुण घेऊन उतरली. फरक ०.०३७५ चा. २०२१ साली मिशिगनने आपलं पहिलं विजेतेपद १९८.२५०० गुणांनी जिंकलं, ओक्लाहोमाचे १९८.१६२५. फरक ०.०८७५ चा.

हे आकडे किती लहान आहेत हे ज्यांनी हा खेळ नियमित पाहिलेला नाही त्यांच्या लक्षात येणं अवघड आहे, म्हणून थोडं सविस्तर सांगते. प्रत्येक प्रकारात, म्हणजे व्हॉल्ट (टेबलावरून घेतलेली उडी), बार्स (दांड्या), बीम आणि फ्लोअरवर (जमिनीवरच्या कसरती), संघाच्या सहा जणी उतरतात आणि त्यातल्या पाच सर्वोत्तम गुण धरले जातात. चार प्रकार मिळून वीस गुण मोजले जातात, प्रत्येकी जास्तीत जास्त १०, म्हणून एकूण २००. लँडिंगला एक पाऊल सरकलं तर ०.१ पर्यंत जातात. २०१८ आणि २०२१ या दोन्ही वर्षांतला फरक त्या एका पावलाहूनही कमी होता. वीसपैकी एका मुलीचा पाय एका लँडिंगला जागेवर राहिला असता, तर तुम्ही त्याच संघाला अजिंक्य म्हणाला असता. बाकी एकोणीस रूटिनं (सादरीकरणं) तीच, मेहनत तीच. एवढ्याशा फरकावर एका संघाला 'यशस्वी' आणि दुसऱ्याला 'अपयशी' ठरवणारी मोजपट्टी मला सदोष वाटते. ओक्लाहोमाने जिंकलेल्या वर्षांनाही हेच लागू आहे. २०२२ साली फ्लोरिडा ०.११२५ ने मागे राहिली, २०२३ साली ०.१५ ने. तेव्हा मी फ्लोरिडाला अपयशी म्हटलं नव्हतं, आताही म्हणणार नाही.

हा ०.१५ चा आकडा भारतीय वाचकांच्या ओळखीचा असायला हवा. २०१६ साली रिओत दीपा कर्माकर व्हॉल्टच्या अंतिम फेरीत चौथी आली तेव्हा कांस्यपदक तिच्यापासून बरोबर ०.१५ ने दूर राहिलं. तिचे १५.०६६, स्वित्झर्लंडच्या जुलिया श्टाइनग्रुबरचे १५.२१६. त्या रात्री आपण सगळ्यांनी दीपाचं मनापासून कौतुक केलं. कोणी तिला अपयशी म्हटलं नाही, आणि ते योग्यच होतं. तोच न्याय नॉर्मनमधल्या मुलींना लावला तर कुठे बिघडतं?

आता २०२४. तुमच्या प्रतिक्रियेतला हा भाग मला सर्वांत जास्त लागला.

त्या वर्षी ओक्लाहोमा अव्वल मानांकन घेऊन राष्ट्रीय स्पर्धेसाठी टेक्ससमधल्या फोर्ट वर्थला आली होती. त्याच हंगामात संघाने १९८.९५० गुण मिळवून यूसीएलएचा २००४चा १९८.८७५ गुणांचा जुना विक्रम मोडला होता. उपांत्य फेरीत सुरुवात व्हॉल्टने झाली आणि तिथेच घात झाला. एकीपेक्षा जास्त जणींची लँडिंग फसली. एक जण पडली तर तिचे गुण वगळता येतात, दुसरीही पडली की तो फटका एकूण गुणांत धरावाच लागतो, आणि एका पडण्याने अर्धा गुण जातो. ज्या खेळात विजेता शंभराव्या हिश्शांनी ठरतो तिथे असा खड्डा तासाभरात भरून निघत नाही. संघ तिसरा आला, अंतिम फेरीचा रस्ता बंद झाला. दोन दिवसांनी एलएसयूने (लुइझियाना स्टेट विद्यापीठ) आपलं पहिलं विजेतेपद मिळवलं.

याला तुम्ही 'कच खाणं' म्हणता. व्हॉल्टवर काय घडतं ते जरा पाहू या. २०१६पासून युरचेंको फुल या (हवेत एक पूर्ण पीळ घेणाऱ्या) व्हॉल्टचं सुरुवातीचं मूल्य १० वरून ९.९५ वर आलं. म्हणजे ती व्हॉल्ट कितीही निर्दोष झाली तरी १० मिळत नाहीत. मग वरच्या संघांना दीड पिळाच्या युरचेंकोकडे वळावं लागतं. फुलमध्ये जिम्नॅस्ट उतरताना तिला जमीन दिसत असते. दीड पिळात ती टेबलाकडे पाठ करून उतरते, जमीन शेवटच्या क्षणापर्यंत दिसत नाही, पाय कधी टेकायचे ते शरीराला अंदाजाने ठरवावं लागतं. विजेतेपदाची आस असलेला संघ अशा व्हॉल्टा एकामागून एक मांडतो, कारण त्याशिवाय वरचे गुण मिळत नाहीत. हा धोका डोळसपणे पत्करलेला असतो. पहिलीची लँडिंग फसली की दुसरीवर भार येतो, दुसरीची फसली की तिसरीवर. धाडस करणाऱ्या मुलीचं एका दिवशी चुकलं म्हणून तिला भित्री ठरवणं मला मान्य नाही.

शिवाय त्यानंतर काय झालं? उरलेल्या तीन प्रकारांत त्याच मुली सावरून खेळल्या, अंतिम फेरी हातची गेल्याचं दिसत असताना. वर्षभराने, २०२५च्या एप्रिलमध्ये, त्यांच्यापैकी बऱ्याच जणी फोर्ट वर्थच्या त्याच डिकीज अरीनात उतरल्या आणि १९८.०१२५ गुणांनी जिंकल्या. यूसीएलए १९७.६१२५ वर होती. ०.४ चा फरक या खेळात भलामोठा असतो. जॉर्डन बोवर्स, ऑड्री डेव्हिस आणि फेथ टोरेस या तिघी २०२४च्याही संघात होत्या. दडपण न झेपणाऱ्या मुलींना असं पुनरागमन करता येत नाही.

इथे टेक्सस आणि ओक्लाहोमात राहणाऱ्या कितीतरी मराठी घरांतल्या मुली शनिवारी सकाळी जिममध्ये असतात. त्या हे सामने टीव्हीवर बघतात, आणि नंतर आई-बाबा काय बोलतात तेही ऐकतात. 'एवढं करून हरल्याच' हे वाक्य त्यांच्या कानावर पडू नये असं मला फार मनापासून वाटतं.

सरासरीच्या मुद्द्याचं उत्तर मागच्या दोन हंगामांनीच दिलं आहे. २०२४ साली पहिलं मानांकन ओक्लाहोमाचं होतं आणि संघ अंतिम फेरीत पोचला नाही. २०२५ साली पहिलं मानांकन एलएसयूचं होतं, साउथईस्टर्न कॉन्फरन्सचं (विद्यापीठांचा एक गट) विजेतेपदही त्यांनीच मिळवलं होतं, आणि तेही उपांत्य फेरीत तिसरे आले. मिझुरीने फ्लोरिडाला मागे टाकून अंतिम फेरी गाठली, ते तर हंगामाआधी फारसं कुणाच्या मनात नव्हतं. सलग दोन वर्षं हे घडल्यावर जानेवारीच्या आकड्यांवर एप्रिलचा निकाल लिहून ठेवणं म्हणजे गुडघ्याला बाशिंग बांधणं आहे.

हंगामाआधीची क्रमवारी तर प्रशिक्षकांच्या मतांवर ठरते, तेव्हा एकही रूटिन सादर झालेलं नसतं. सुरुवातीचे आठवडे निव्वळ सरासरी धरतात. खरी क्रमवारी नंतर येते. तिच्यासाठी संघाचे सहा सर्वोत्तम गुण घेतात, त्यातले किमान तीन बाहेरच्या मीटमधले (दुसऱ्यांच्या मैदानावरच्या सामन्यांतले) असावे लागतात, त्यातला सर्वांत मोठा आकडा वगळतात आणि उरलेल्या पाचांची सरासरी काढतात. बाहेरच्या मीटची अट घालावी लागते, कारण घरच्या मैदानावर गुण सैल पडतात हे सर्वांना माहीत आहे. म्हणून जानेवारीत ओक्लाहोमाच्या घरच्या मैदानावर, लॉइड नोबल सेंटरमध्ये, १९८च्या वर आकडा दिसला तर मी खूश होईन, पण त्यावरून काही ठरवणार नाही. एलएसयूच्या बॅटन रूजला किंवा फ्लोरिडाच्या गेन्सव्हिलला काय होतं ते बघेन. ओक्लाहोमा २०२४च्या उन्हाळ्यात साउथईस्टर्न कॉन्फरन्समध्ये आली. तिथे जिम्नॅस्टिक्सचे नऊ संघ आहेत आणि एलएसयू, फ्लोरिडा, अलाबामा यांच्यासारख्यांशी गाठ पडते. निवांत आठवडा मिळत नाही.

आता गेलेल्या दोघींबद्दल, म्हणजे बोवर्स आणि डेव्हिसबद्दल. नव्या नियमानुसार संघात वीस जणी ठेवता येतात, हे खरं. पण बोवर्स चारही प्रकारांत उतरायची. म्हणजे एक मुलगी गेली आणि चार जागा रिकाम्या झाल्या. डेव्हिसचं बार्सवरचं काम इतकं स्वच्छ होतं की तिचे ९.९ च्या पुढचे गुण जवळजवळ गृहीतच धरले जायचे. जागा भरायला मुली आहेत, ९.८५ मिळवणारीही सहज मिळेल. अडचण ९.८५ आणि ९.९५ यांच्यातल्या अंतराची आहे, आणि विजेतेपद त्याच अंतरात असतं. टोरेस आता शेवटच्या वर्षाला आहे. तिच्यावर सगळा भार टाकून चालणार नाही. एखादा घोटा किंवा अकिलीस टेंडन (टाचेमागची शीर) दुखावला की हंगामाचं चित्र बदलतं. फ्लोरिडाच्या कायला डिसेलो आणि स्काय ब्लेकली या दोघींच्या अकिलीसने २०२४च्या ऑलिम्पिक चाचणीच्या वेळी दगा दिला होता, हे सगळ्यांना आठवत असेल.

म्हणूनच हंगामाआधी मी संघाकडून ज्या गोष्टी मागते त्या विजेतेपदाहून वेगळ्या आहेत, आणि त्या सोप्या नाहीत. मार्चपर्यंत व्हॉल्टच्या लाइनअपमध्ये १० मूल्याच्या पुरेशा व्हॉल्टा असाव्यात आणि त्यांची लँडिंग बाहेरच्या मीटमध्येही टिकावी. बार्सवर डेव्हिसच्या आणि बोवर्सच्या जागी ज्या येतील त्यांना किंडलर जानेवारीतच उतरवतात की फेब्रुवारीपर्यंत चाचपडतात, हे मी बघेन. पहिल्या वर्षाच्या मुलींना बीमवर लवकर संधी मिळावी, चुकल्या तरी चालेल, कारण जानेवारीत पडण्याची किंमत काहीच नसते आणि एप्रिलमध्ये पडण्याची किंमत हंगामाएवढी असते. एवढं जमलं तर संघ एप्रिलमध्ये फोर्ट वर्थच्या शेवटच्या चारांत असेल. तिथे पोचल्यावर पुढचं त्या रात्रीच्या वीस रूटिनांवर.

तुम्ही विचारलंत, एका शब्दात सांगा, जिंकतील की नाही. आज पैज लावायची तर मी ओक्लाहोमावरच लावेन. एलएसयूकडून हेली ब्रायंट आणि अलीया फिनेगन गेल्या आहेत, पण केलिन चिओ आहे. यूसीएलएकडे जॉर्डन चाइल्सचं शेवटचं वर्ष आहे. फ्लोरिडा कागदावर फार भरभक्कम दिसते, मला सर्वांत जास्त धास्ती त्यांचीच. तरीही नॉर्मनमध्ये स्वच्छ काम करवून घेण्याची जी पद्धत बसली आहे, तिच्यावर माझा विश्वास आहे.

पण पैज आणि अपेक्षा या दोन निराळ्या गोष्टी. या मुली शेवटच्या रात्री नीट खेळून तिसऱ्या आल्या, तर मी हंगाम चांगला गेला असंच लिहीन. आणि जिंकल्या पण वर्षभर व्हॉल्टची लँडिंग कच्चीच राहिली, तर तेही लिहीन. मार्चच्या मध्याला, बाहेरच्या मीट आटोपल्या की, दोघांनी मिळून व्हॉल्ट आणि बार्सचे गुण समोर ठेवून पुन्हा बोलू. त्या वेळच्या आकड्यांवर तुमचं मत मला जरूर ऐकायचं आहे.