‘यादी पाठ करून घ्या, जेरंड हे नाव कशाला?’ या प्रतिक्रियेला उत्तर

सर, सादर नमस्कार.

जेरंड, म्हणजे नामाचं काम करणारं इंग्रजी क्रियापदाचं ‘आयएनजी’ रूप, यावरच्या माझ्या लेखाखाली आपण वेळ काढून सविस्तर लिहिलंत, त्याबद्दल मनापासून आभार. इतर वाचकांसाठी आपलं म्हणणं थोडक्यात सांगते. आपण इंदूरच्या शाळांमधून बरीच वर्षं इंग्रजी शिकवलंत. आपल्या मते जेरंड, पार्टिसिपल (विशेषणासारखं वापरलेलं ‘आयएनजी’ रूप) ही नावं मुलांच्या माथी मारू नयेत, नव्या व्याकरणकारांनीसुद्धा हा भेद सोडून दिलाय. कुठल्या क्रियापदापुढे ‘आयएनजी’ आणि कुठल्यापुढे ‘टू’, याची यादी पाठ करून घेतली की परीक्षेपुरतं भागतं. आणि इंग्रजी शिकवताना मध्ये मराठी आणू नये, मुलं भाषांतरातच अडकून पडतात.

यादी मीही पाठ करून घेते. ‘एन्जॉय, अव्हॉइड, फिनिश, माइंड, डिनाय, सजेस्ट’ यांच्यापुढे ‘आयएनजी’, हे तोंडी बसल्याशिवाय गत्यंतर नाही. ‘टू’ घेणारी ‘वाँट, होप, डिसाइड, प्रॉमिस’ ही क्रियापदं पुढे व्हायच्या गोष्टीकडे बघतात, हे सांगितलं तर थोडा आधार मिळतो. पण ‘अव्हॉइड’ आणि ‘सजेस्ट’ही पुढचंच बोलतात आणि तरी ‘आयएनजी’ घेतात. तिथे पाठांतरच.

माझी अडचण त्यापुढची आहे. इंदूरमधल्या भंवरकुआँ भागातल्या कोचिंग क्लासमधून माझ्याकडे येणारी मुलं यादी पाठ करूनच आलेली असतात, आणि तरी पत्राच्या शेवटी ‘आय ॲम लुकिंग फॉरवर्ड टू मीट यू’ असं लिहितात. ‘टू’ दिसला की पुढे मूळ क्रियापद, एवढंच त्यांच्या मनात पक्कं बसलेलं असतं. परवा एका मुलीच्या वहीत हेच वाक्य होतं. मी तिला ‘मीट यू’ खोडून तिथे ‘दिवाळी’ लिहायला सांगितलं. ‘आय ॲम लुकिंग फॉरवर्ड टू दिवाळी’, वाक्य नीट बसलं. मग ‘आय वाँट टू’ याच्यापुढे ‘दिवाळी’ लिहायला लावलं. ते काही केल्या बसेना. पहिल्या ‘टू’ला नाम लागतं, हे तिचं तिलाच दिसलं आणि तिने ‘मीट’चं ‘मीटिंग’ केलं. मग मागची पानं उलटून तिने ‘आय ॲम यूज्ड टू लिव्ह अलोन’ यातलं ‘लिव्ह’ बदलून ‘लिव्हिंग’ केलं आणि ‘आय यूज्ड टू लिव्ह इन देवास’ तसंच ठेवलं. दोन्हीकडे ‘दिवाळी’ घालून बघितली होती तिने. सर, या दोन वाक्यांतला फरक कुठल्या यादीने सांगितला असता? ‘आयएनजी’चं रूप इथे नामाची जागा घेतं, हे कळलं म्हणून तो सुटला. त्या कामाला नाव हवं, आणि ते नाव जेरंड.

नव्या व्याकरणकारांबद्दल आपण लिहिलंत ते खरं आहे. हडल्स्टन आणि पुलम यांनी 2002 साली आलेल्या आपल्या मोठ्या व्याकरणात ‘जेरंड-पार्टिसिपल’ असं एकच नाव ठेवलं. त्यांचं कारणही रास्त आहे. इंग्रजीत असं एकही क्रियापद नाही, ज्याचं जेरंडचं रूप वेगळं आणि वर्तमानकालवाचक पार्टिसिपलचं वेगळं. पूर्वी तसं नव्हतं. जुन्या इंग्रजीत क्रियेच्या नामाला ‘उंग’ किंवा ‘इंग’ लागायचं आणि पार्टिसिपलला ‘एंडे’. मधल्या काळात ‘एंडे’ मागे पडलं आणि दोन्ही कामं ‘इंग’वर आली. पण रूपं एक झाली तरी कामं दोन राहिलीच. ‘डान्सिंग टीचर’ हे उच्चारून बघा. जोर ‘डान्सिंग’वर दिला तर नाच शिकवणारी शिक्षिका, ‘टीचर’वर दिला तर नाचत असलेली शिक्षिका. ज्यांची मातृभाषा इंग्रजी आहे त्यांना हा जोर कानानेच कळतो. आपल्या मुलांना तो समजावून द्यावा लागतो.

आता मराठीचा मुद्दा. इथे मात्र मी आपल्याशी अजिबात सहमत नाही. इंदूरची आपली मुलं घरी मराठी बोलतात, शाळेत आणि रस्त्यावर हिंदी. इंग्रजी वाक्य जुळवताना ती मनातल्या मनात यांपैकी एका भाषेचा हात धरतातच, आपण मनाई केली तरी. मग कुठला हात कुठे धरायचा, ते सांगितलेलं बरं. ‘आजोबा शेव खायला थांबले’ आणि ‘आजोबांनी शेव खाणं थांबवलं’ यांत घोटाळा करणारं मराठी मूल मी तरी पाहिलेलं नाही. ‘स्टॉप्ड टू ईट’ आणि ‘स्टॉप्ड ईटिंग’ यांत हाच फरक आहे. ‘कुलूप लावल्याचं आठवतंय’ म्हणजे ‘आय रिमेंबर लॉकिंग द डोअर’, आणि ‘कुलूप लावायचं लक्षात ठेव’ म्हणजे ‘रिमेंबर टू लॉक द डोअर’. झालेलं काम आणि करायचं काम मराठी प्रत्ययानेच वेगळं दाखवते. आयतं घरात असलेलं हे ज्ञान वर्गाच्या दाराबाहेर का ठेवायचं?

आणखी एक. ‘रीडिंग नॉव्हेल्स’ आणि ‘द रीडिंग ऑफ नॉव्हेल्स’ यांतलं ‘ऑफ’ कधी येतं, कधी नाही, हे इंग्रजीतून समजावताना माझा अर्धा तास जायचा. ‘कादंबऱ्या वाचणं’ आणि ‘कादंबऱ्यांचं वाचन’ ही जोडी शेजारी लिहिली की मुलं मान डोलावतात. ‘वाचणं’ हे नाम झालं तरी क्रियापदासारखं स्वतःचं कर्म बाळगून असतं. ‘भराभर वाचणं’ असं क्रियाविशेषणही त्याला चालतं. जेरंडचा स्वभाव नेमका हाच आहे.

मराठी सगळीकडे तारून नेत नाही, हेही मी मुलांना सांगते. ‘मला पोहायला आवडतं’ यावरून ‘आय एन्जॉय टू स्विम’ असंच सुचणार. हिंदीत तर ‘तैरना पसंद है’ आणि ‘तैरना चाहता हूँ’ दोन्हीकडे एकच ‘तैरना’, त्यामुळे तिथूनही मदत नाही. अशा क्रियापदांसाठी आपली यादी, आणि अर्थ बदलतो तिथे मराठी, अशी मी वाटणी केली आहे.

‘माय कमिंग लेट’ जुनाट वाटतं, असं आपण शेवटी लिहिलंत. इंग्रजीच्या वापरावर कोश लिहिणाऱ्या फाउलर यांनी 1926 साली या ‘माय’चा कडक आग्रह धरला होता. आज बोलताना ‘मी कमिंग लेट’ (यातलं ‘मी’ इंग्रजी, म्हणजे ‘मला’) सर्रास चालतं आणि मी ते चूक धरत नाही. पण अर्जात, औपचारिक पत्रात ‘माय’ लिहायला सांगते, आणि ‘माझं उशिरा येणं’ म्हणणाऱ्या मुलांना ते अवघड जात नाही.

पुढचा लेख ‘ट्राय’ आणि ‘रिग्रेट’वर लिहायला घेतलाय. आपल्या इतक्या वर्षांच्या अनुभवात या दोन क्रियापदांशी मुलं कुठे अडली, ते कृपया इथेच खाली लिहा. ती वाक्यं मला लेखात हवी आहेत.